दातातलं बूच

नवऱ्याला मोटार मिळाली ती लढाईच्या आधी. त्याआधी तो निपाणीत तंबाखूच्या वखारीत बोद उचलायचा. बोद म्हणजे तंबाखूचं मोठं पोतं, पाठीवर घेतलं की माणूस दिसत नाही, नुसते पाय चाललेले दिसतात. मी त्याच वखारीत तंबाखू चाळायला होते. लग्न वखारीत जमलं नाही, ते घरच्यांनी जमवलं, पण मी त्याला आधी पायांवरून ओळखत होते एवढं खरं.

पुढं तो एका मालकाच्या मोटारीवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हिंग शिकला, मग लायसन काढलं. निपाणी ते बेळगाव सर्विस मोटार चालवायचा. लायसन त्यानं एका पत्र्याच्या डबीत ठेवलं होतं. डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात. अंघोळीला जाताना ती देव्हाऱ्यात ठेवायचा. माझ्या मंगळसूत्राची त्यानं तेवढी काळजी कधी केली नाही. मलाही त्याचं वाईट वाटलं नाही, कारण घर त्या डबीवर चाललं होतं. पाठीवर बोद घेणारा माणूस पन्नाशीला वाकतो, आमच्या गल्लीत तसे कितीतरी होते. मोटारवाला ताठ बसतो.

लढाई लागली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मालकानं मोटार शेडात लावली. नवरा घरी बसला. घरी बसलेला पुरुष म्हणजे चुलीपुढं बांधलेला बैल, कुठंही वळलं तरी आडवा येतो. मग कुणीतरी मालकाला सांगितलं की कोळशाच्या गॅसवर मोटार चालते. मालकानं मोटारीच्या मागं एक मोठी भट्टी बसवून घेतली. तिच्यात लाकडाचा लोणारी कोळसा पेटवायचा, त्याचा वायू नळीनं इंजिनात जायचा आणि त्यावर मोटार चालायची. चालायची म्हणजे सपाटीला चालायची. चढ आला की पुरुषमाणसांनी उतरून चालत जायचं, कधी ढकलायचं. बायका तेवढ्या आत बसायच्या. मागच्या बाकावर बसलं तर डोळे चुरचुरायचे, डोकं धरायचं, एखादी ओकायचीसुद्धा. तरी लोक बसायचे. दुसरं होतं काय?

सगळ्यांना एकच घोर होता, तवंदीचा घाट. निपाणी सोडली की थोड्या वेळात तो लागतो. भट्टीची मोटार तो चढणार का, याच्यावर चहाच्या दुकानात पैजा लागल्या. नवऱ्यानं पैज लावली नाही. त्यानं घाटातल्या म्हसोबाला नवस केला: मोटार घाट चढू दे, तुला भरलेली बाटली देतो.

हा म्हसोबा म्हणजे घाटाच्या वरच्या अंगाला शेंदूर फासलेला दगड. सगळे ड्रायव्हर तिथं थांबायचे, त्याआधी गाडीवान थांबायचे. त्याला दारू चालायची. पण देण्याचे नियम होते, आणि ते लई कडक. बाटलीला लोखंड लावायचं नाही, म्हणून बूच दातानं काढायचं. काढलेलं बूच दातातच धरून ठेवायचं आणि तसंच शेवटच्या थेंबापर्यंत दगडावर आणि मोटारीच्या पुढच्या चाकावर ओतायचं. बूच दातात असताना माणसाला बोलता येत नाही, आणि मुख्य म्हणजे पिता येत नाही. देवाच्या बाटलीतला घोट कुणी मधेच मारू नये म्हणून ही युक्ती ज्यानं काढली तो शहाणा असला पाहिजे, त्याला पुरुषांची जात माहीत होती.

आणखी दोन नियम होते. एक, देवाला काय दिलं ते पुन्हा माणसांपुढं बोलायचं नाही. बोललं की दिलेलं परत घेतल्यासारखं. दुसरा, बायकांनी त्या दगडाकडं बघायचं नाही. मोटार थांबली की बायका पदर ओढून दुसरीकडं तोंड करून बसायच्या. का ते कुणी सांगत नसे. मी सासूला विचारलं तर म्हणाली, "तुझ्या आईनं विचारलं व्हतं का?"

मोटार घाट चढली. रडत, धापा टाकत, पण चढली. नवऱ्यानं त्या दिवशी घरी येऊन माझ्याकडं बाटलीचे पैसे मागितले. त्याला अजून पगार मिळाला नव्हता. मी वखारीतल्या मजुरीतून दिले.

म्हटलं, "देवालाच जाणार न्हवं सगळी?"

"मग काय मी पिणार हाय?"

"तसं म्हटलं न्हाय मी."

"तोंडावर लिवलंय तुझ्या."

बाजाराच्या दिवशी मला माहेरी, बेळगावजवळच्या कंग्राळीला जायचं होतं. मी त्याच मोटारीत बसले. घाटाच्या वर मोटार थांबली. पुरुष मागून चालत येत होते. आत आम्ही बायका. पाण्याची बाटली उपडी करावी तसा नवऱ्यानं नवस फेडला. घाटात वारा असतोच, अर्धी दारू त्याच्या सदऱ्यावर उडाली. मग क्लीनर पुरुषांना हाका मारायला गेला होता म्हणून नवऱ्यानं स्वतःच भट्टीचं झाकण उघडून कोळसा सारखा केला. बराच वेळ वाकून होता. पुरुष चढून आले, बसले, काही टपावर बसले. टपावर बसवायची परवानगी नव्हती, पण बाजाराच्या दिवशी परवानगी कोण बघतं?

उतार लागला. समोरून तंबाखूचे बोद भरलेली बैलगाडी येत होती. ती जवळ आली आणि आमच्या भट्टीतून बार निघाल्यासारखा आवाज झाला. बैल बुजले आणि रस्त्यात आडवे घुसले. नवऱ्यानं मोटार बाजूला घातली, ती चरीत गेली आणि बाभळीला टेकून थांबली. गाडीवान गाडीवरून खाली पडला, त्याचं मनगट मोडलं. आमच्यापैकी कुणाला काही झालं नाही. दोघी ओकल्या, पण त्या तशाही ओकणार होत्या.

पुढच्या नाक्यावरून पोलीस आला. तो नवा होता, लांबून बदलून आलेला, कानडी बोलणारा. माणूस वाईट नव्हता. त्यानं गाडीवानाला आधी पाणी पाजलं. मग नवऱ्याकडं गेला. नवरा खाली उतरला तो झोकांडी खाऊन परत पायरीवर बसला. डोळे लालभडक. सदऱ्याला दारूचा वास, तोंडाला वास. आणि तो पोलिसाकडं बघतच नव्हता. घाटाकडं तोंड करून म्हणत होता, "दिली न्हवं तुला? सगळी दिली की. आनी काय पायजे तुला?"

पोलिसानं मागं वळून बघितलं. तिथं कुणी नव्हतं. त्यानं नवऱ्याला धरलं.

आता त्याच्या जागी कोणीही हेच केलं असतं. मी स्वतः त्याच्या जागी असते तरी धरला असता.

नवऱ्याला संकेश्वरला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मालकानं जामिनावर सोडवलं. पण पत्र्याची डबी पोलिसांकडं राहिली. मालकानं सरळ सांगितलं, "लायसन परत मिळालं तर ये. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागंल." नवरा परत वखारीच्या दारात जाऊन उभा राहिला. मुकादम म्हणाला, "या ड्रायव्हरसाहेब." त्यानं पाठ वाकवून बोद उचलला. घरी आल्यावर भिंतीला पाठ लावून बसला आणि म्हणाला, "पाठ इसरलीय आता."

एवढंच बोलला. पण मला कळलं की लायसन गेलं तर हा माणूस वर्षभरात म्हातारा होणार.

खटला बेळगावच्या कोर्टात लागला. वकील खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचे. आम्ही तिघं गेलो, नवरा, मी आणि थोरले दीर. दिरांना सगळे अण्णा म्हणायचे. ते भावकीत पुढारी. कुणाचा बांध कोरला, कुणाची सून माहेरी बसली, की अण्णा तयार. त्यांनी वाटेतच सगळं ठरवून टाकलं होतं.

वकिलांनी नवऱ्याला विचारलं, "प्याला होतास?"

"न्हाय."

"मग वास कसला?"

नवरा गप्प. वकिलांनी पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. देवाला दिलेलं बोलायचं नाही म्हणजे नाही. मी त्याच्याकडं बघत होते. तुरुंगात जाईल पण बोलणार नाही, असं तोंड.

अण्णा मधे पडले. "साहेब, ह्यानं जल्मात दारू शिवलेली न्हाय. मी धा मानसं उभी करतो. शपथेवर सांगतील."

"जन्मात?"

"जल्मात."

वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला हसू आलं का?"

म्हटलं, "न्हाय. ठसका लागला."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, पण गुरुजींनी शिकवलेलं निम्मं विसरले आणि हे अजून आठवतं. वकील म्हणाले, "तुमच्यावर तीन आरोप आहेत. दारू पिऊन मोटार चालवली, हा एक. बेफाम चालवून माणसाला दुखापत केली, हा दुसरा. आणि जास्त माणसं भरली, हा तिसरा. या तीन वेगळ्या खुंट्या आहेत. पहिली उपटली म्हणून बाकीच्या आपोआप निघत नाहीत, आणि एक घट्ट बसली म्हणून तिन्ही घट्ट असंही नाही. टपावर माणसं होती का?"

"व्हती," नवरा म्हणाला.

"मग ती खुंटी राहू द्यायची. कबूल करून टाक. दंड होईल."

"कबूल कशापायी?" अण्णा म्हणाले. "टपावर कुत्रंबी न्हवतं म्हनून सांगू की."

"टपावरून उतरलेली माणसं सगळ्या रस्त्यानं बघितली. तिथं खोटं बोललात की बाकीचं खरंही खोटं वाटेल. आणि तुमची ती दहा माणसं. सरकारी वकील पहिल्याला विचारणार, शिमग्याला हा कुठं असतो? तो गडबडला की दहाही गेले. शिवाय कोर्ट हे विचारतच नाही की हा जन्मात प्याला का. त्या दिवशी, त्या वेळी, मोटार ताब्यात ठेवता येऊ नये इतका प्याला होता का, एवढंच विचारतं. आणि ते सरकारनं दाखवायचं आहे. आपण तो साधुसंत असल्याचं दाखवायचं नाही. फक्त सरकारच्या सांगण्यात भोक आहे का ते बघायचं. शंका राहिली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो."

अण्णांना हे काही पटलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "ह्यो वकील आपल्या बाजूचा हाय का तिकडचा?" दहा माणसांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, एकाला तर नवं धोतर घ्यायला लावलं होतं.

मी रात्र कंग्राळीला काढली. सकाळी वहिनी भाजी घेऊन बाजाराला निघाली, तिच्याबरोबर मी परत शहरात आले आणि एकटीच वकिलांकडं गेले. वकिलांच्या बाईसाहेब शहापुरी लुगडं नेसून तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि वकिलांना बोलावून त्या आत गेल्या.

मला एकच गोष्ट विचारायची होती. नवस नवऱ्याचा. बोलायचं नाही हा नियम ज्यानं दिलं त्याला. मी तर काही दिलेलं नाही, मी बोलले तर काय होतं?

वकील म्हणाले, "देवाचं मला माहीत नाही. कायद्याची काही हरकत नाही. पण तुम्ही काय सांगणार? तुम्हीच म्हणता बायका तिकडं बघत नाहीत."

"मी बघितलं."

"काय बघितलं?"

म्हटलं, "सगळं. बाटली माझ्या पैशाची व्हती. देवाच्या नावानं घेतली आन् वाटंत ह्यांनी दोन घोट घेतले तर? म्हनून पदर आडवा धरला आन् फटीतनं शेवटपतोर बघितलं. बूच दातातनं हाललं न्हाय."

वकील हसले. आदल्या दिवशी ते एकदाही हसले नव्हते. आत वळून बाईसाहेबांना म्हणाले, "ऐकलंत का? हिला साक्षीला बोलावलं पाहिजे. ही त्याला पकडायलाच बसली होती."

बाईसाहेब म्हणाल्या, "सगळ्याच बसतात. सांगत नाही कोणी."

खटल्याच्या दिवशी वहिनीचं लुगडं नेसून गेले, माझ्या लुगड्याला तंबाखूचा वास होता. कोर्टात आणखी एका वासाची भर नको. अण्णा दहा माणसं घेऊन आले होते. वकिलांनी त्यांना बाहेर चिंचेखाली बसवलं आणि कुणालाच आत बोलावलं नाही. संध्याकाळपर्यंत ती माणसं अण्णांच्या पैशानं चहा पीत बसली.

मॅजिस्ट्रेट कानडी होते, पण मराठी चांगली कळायची. टपावर जास्त माणसं होती हे नवऱ्यानं सुरुवातीलाच कबूल केलं.

मग पोलीस आला. त्यानं बघितलं तसंच सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. वास आला. डोळे लाल होते. झोकांडी गेली. समोर कुणी नसताना बोलत होता.

आमचे वकील उठले. "डॉक्टरला दाखवलं?"

"डॉक्टर परगावी गेले होते."

"म्हणजे दाखवलं नाही. बरं. मोटारीतल्या बाकीच्या लोकांचे डोळे बघितलेत?"

पोलिसानं विचार केला. "लालच होते. धूर होता."

"बायका कशा होत्या?"

"दोघी ओकत होत्या. एकीला उभं राहता येत नव्हतं."

"त्याही प्यालेल्या होत्या?"

कोर्टात हसणं झालं. पोलीसही हसला, मग त्याच्या ध्यानात आलं की आपण साक्ष देतोय. म्हणाला, "नाही. भट्टीच्या वायूनं असेल."

"आणि घाट उतरण्याआधी आरोपी बराच वेळ त्या भट्टीवर वाकलेला होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं."

गाडीवान हात गळ्यात बांधून आला होता. त्याला वाटलं असतं तर त्यानं नवऱ्याला बुडवलं असतं. पण तो म्हणाला, "बैल माझं बुजलं. भट्टीचा बार ऐकून मीच बुजलो, तर बैलाचं काय? ह्यानं मोटार चरीत घातली न्हसती तर मी आज हितं उभा न्हसतो." वकिलांनी त्याला बसवलं. आणखी काही विचारलं नाही. चांगलं चाललेलं असताना गप्प बसायचं, ही पण वकिली आहे. आमच्या अण्णांना ती कधी जमली नाही.

उरला वास. मग मला बोलावलं.

मी पिंजऱ्यात उभी राहिले आणि नवऱ्याकडं बघितलं नाही. मी काय सांगणार हे त्याला माहीत नव्हतं. वकिलांनी विचारलं तसं मी सांगितलं: नवस होता, बाटली होती, बूच दातानं काढलं, दारूनं ओलं बूच तसंच दातात धरलं, सगळी ओतली, वाऱ्यानं सदऱ्यावर उडाली. म्हसोबाचं नाव निघालं तसा मागं कुणीतरी खाकरलं. ते अण्णा होते.

सरकारी वकील तरुण होते. त्यांनी आधी मला घरचंच विचारलं. "तुमचा नवरा दारू पितो का?"

"पितो."

अण्णांनी कपाळाला हात लावला, ते मला दिसलं.

"कधी पितो?"

"शिमग्याला. लग्नकार्यात. मोटार बंद असंल आन् कुनी पाजली तर."

"आणि प्याल्यावर काय करतो?"

"झोपतो. जोडं बी काढत न्हाय. बोलत तर काईच न्हाय."

"त्या दिवशी तर बोलत होता."

"व्हय की. देवासंगं भांडत व्हता. प्याल्यावर त्यांना देव आठवत न्हाय आन् मीबी आठवत न्हाय."

मॅजिस्ट्रेटांनी मान खाली घातली. हसले का ते कळलं नाही.

सरकारी वकील म्हणाले, "नवऱ्याला वाचवायला तुम्ही खोटं सांगताय."

म्हटलं, "खोटं सांगायचं असतं तर पीत न्हाय म्हनून सांगितलं असतं. भाईर झाडाखाली धा मानसं त्याच्यासाठीच आलीयात."

आमच्या वकिलांनी डोळे मिटले. पण ते कुणी धरून बसलं नाही.

शेवटी मॅजिस्ट्रेटांनी स्वतः विचारलं, "त्या दगडाकडं बायका बघत नाहीत असं तुम्हीच सांगता. मग तुम्ही का बघितलं?"

आता हे पदर धरून बघितल्याचं भरकोर्टात सांगायचं होतं, भावकीपुढं. गावात आयुष्यभर पुरेल एवढं बोलणं झालं असतं. पण विचारलं तर सांगायला पाहिजे. म्हटलं, "साहेब, बाटली माझ्या मजुरीची. देवाला जाती का ह्यांच्या पोटात जाती ते बघायला नको? ह्यांनी एक घोट जरी घेतला असता तर पोलिसाच्या आधी मीच धरलं असतं."

मग मी खाली उतरले. तेव्हा कुठं नवऱ्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. कान लाल झाले होते.

निकाल त्याच दिवशी लागला नाही. पुढच्या तारखेला लागला. दारूचा आरोप सिद्ध झाला नाही. बेफाम चालवल्याचाही नाही. जास्त माणसं भरल्याचा दंड झाला, तो आम्ही भरला. पत्र्याची डबी परत मिळाली. नवऱ्यानं ती उघडून बघितली, लायसन आत होतं, मग ती खिशात घातली आणि खिसा वरून दाबला. दारात तो पोलीस भेटला. नवऱ्याला म्हणाला, "पुढच्या वेळी नारळ दे." नवरा म्हणाला, "त्यो नारळ घेत न्हाय."

अण्णा पुढं वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. दहा माणसं फुकट गेली आणि वर मी त्यांचा उल्लेख केला. तरी गावात सांगताना ते, 'आमी केस जिंकली' असंच सांगायचे. मी कधी अडवलं नाही. बायका मात्र माझ्याकडं वेगळं बघायला लागल्या. म्हसोबा हिला सोडणार नाही, असं दोघीतिघी म्हणाल्या. सोडलं. मी हे लिहिते आहे त्या अर्थी सोडलं.

नवऱ्यानं मला कोर्टातून परत येताना एकच विचारलं. "मी पिणार असं वाटलं व्हतं तुला?"

"व्हय."

"आन् न्हाय पिलो."

"म्हनून तर साक्ष दिली."

 खडेबाजारात थांबून त्यानं मला भजी घेतली आणि स्वतः न खाता पुडा माझ्या हातात दिला. त्याचं बोलणं एवढंच असायचं.

काही महिन्यांनी परत मी त्या मोटारीनं माहेरी निघाले होते. भट्टी तीच, खोकला तोच. घाटाच्या वर मोटार थांबली. मालकानं इंजिन दुरुस्त केलं होतं, त्यासाठी नवऱ्याला म्हसोबाला एक लहान बाटली द्यायची होती. बायकांनी पदर ओढले, तोंडं फिरवली. मीही सवयीनं फिरवलं.

खालून नवऱ्यानं काचेवर टकटक केलं. बूच अजून बाटलीत होतं, म्हणून त्याला बोलता येत होतं. म्हणाला, "तू गं कशाला तोंड फिरवतीस? नीट बघ. पुन्ना कोर्टात जावं लागलं तर?"

मी पदर काढला आणि सरळ बघत बसले. त्यानं दातानं बूच काढलं, धरलं, दगडावर ओतलं, चाकावर ओतलं. या वेळी वाऱ्याकडं पाठ करून ओतलं. मग भट्टीजवळ न जाता क्लीनरला हाक मारली.

मोटार सुटल्यावर शेजारची बाई माझ्या कानाला लागली. "काय दिसलं गं तितं?"

म्हटलं, "दगड. शेंदूर जरा जास्तच लावलाय."

"बस, एवढंच?"

"आन् माझा नवरा."

ती पुढच्या खेपेला पदराच्या फटीतून बघत होती. मला दिसलं.